आभार मानले, तोंड गहाण टाकले नाही

ख्रिस्ती माणसाच्या आभार मानण्याबद्दल आपल्याकडे दोन गट फार ठामपणे बोलतात. एरवी हे दोघे एका मांडवात बसायचे नाहीत. पहिला गट आमच्या पुरोगामी मित्रांचा. त्यांचे म्हणणे असे, की जो धर्म गरिबाला उठता-बसता आभार मानायला शिकवतो तो त्याच्या मनगटातला जोर काढून घेतो. जमीन गेली? आभार मान, जीव तर वाचला. मजुरी बुडाली? आभार मान, हातपाय तर धड आहेत. आणि हे आभार तरी मूळचे कोणाचे? दुष्काळात गोऱ्या साहेबाने भाकरी दिली, आजा-पणजा पोटासाठी बाटला, आणि नातवंडे अजून त्या भाकरीचे हप्ते फेडत बसली आहेत. नाव देवाचे, देणे मिशनचे.

दुसरा गट आमचाच, व्यासपीठावरचा. खरा विश्वासणारा कुरकुर करत नाही, हे त्याचे पालुपद. पगार थकला, प्रार्थना करा. नवरा मारतो, सोसा, आणि त्याबद्दलही उपकारस्तुती करा, प्रभू त्यातून काहीतरी चांगलेच घडवील. मंडळीच्या जागेचा हिशेब कोणी विचारला तर त्याला बाजूला घेऊन हळूच सांगायचे, भाऊ, तुमच्या अंतःकरणात कडवटपणा शिरलाय, आधी आभार मानायला शिका.

आता हे दोघे शेजारी-शेजारी उभे करा. एक म्हणतो, आभार मानणारा गप्प बसतो, म्हणून आभार वाईट. दुसरा म्हणतो, आभार मानणारा गप्प बसतो, म्हणून आभार चांगले. भांडण तेवढ्या शेवटच्या शब्दापुरते, बाकी सगळ्यावर एकमत. माझा राग आहे तो या एकमतावर. ख्रिस्ती कृतज्ञतेची आणि गप्प बसण्याची ही सोयरीक जुळवली कोणी? शास्त्रात ती सापडत नाही. आमच्या मराठी ख्रिस्ती इतिहासात तर तिच्या उलटच सापडते.

हा वाद मी मुद्दाम भोर-वेल्ह्याच्या मातीवर आणतो. वेल्ह्याचे नाव आता सरकारदरबारी राजगड तालुका झाले आहे, बोलण्यात अजून वेल्हेच येते. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे ही नावे शिवकाळाच्या पुस्तकांत वाचून आपली छाती फुगते. आज ही खोरी नकाशावर शोधायची तर निळ्या रंगात शोधावी लागतात. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा देवघर, कानंदीवर गुंजवणी, आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव. नीरेच्या खोऱ्यातले पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते आणि तिथे त्याचा ऊस होतो. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यावरून पुण्याच्या नळाला येते. आणि उन्हाळा लागला की धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांतल्या बायका हंडा घेऊन उतार तुडवतात, पाणी डोळ्यांपुढे असून. वेळवंड खोऱ्यातले कांबरेश्वराचे देऊळ वर्षातले बरेच महिने भाटघरच्या पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, आणि पुण्याचे लोक फोटो काढायला येतात.

कृतज्ञतेबद्दल कोणाला काही सांगायचे असेल तर त्याने इथे येऊन सांगावे. वातानुकूलित सभागृहात खुर्चीवर बसून ते कोणालाही जमते. इथला माणूस तोंडावर विचारील, आभाराचे माझ्याकडे काय मागता? माझे कोणी मानलेत?

इथे येण्याचे दुसरे कारण नसरापूर. चार्ल्स रीव यांनी १८९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातून सुरू केलेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनने भोर संस्थानातल्या या गावी आपले ठाणे केले. पुढे १९४८ साली संस्थान गेले, आणि त्या मिशनचे नावही कालांतराने दुसऱ्या संस्थांत विरून गेले. भोर-वेल्ह्यात ख्रिस्ती आहेत ते मूठभर. पण पोटासाठी बाटल्याचा शेरा त्या मुठीलाही चुकलेला नाही, म्हणून आधी तोच निकालात काढू.

घटकाभर मान्य करू की काहीजण पोटासाठी आले. मग? भुकेल्याने भाकरी देणाऱ्याच्या दारात जावे याची लाज कोणाला वाटायला हवी? जाणाऱ्याला, की कणगीत दाणे असून ज्याने दार लावून घेतले होते त्याला? ज्या गावाने पाणवठ्यावर हात लावू दिला नाही, त्याच गावाने पुढे विचारावे की तू दुसऱ्याच्या ओंजळीने का प्यालास, याला धीट प्रश्न म्हणायचे की निर्लज्ज? येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात रोजच्या भाकरीची मागणी आहे, आणि ती पापक्षमेच्या मागणीच्या आधी आहे. पोट हा विषय आमच्या धर्मात देवळाबाहेर ठेवायचा नाही. ज्यांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या भरलेले आहे त्यांनाच भूक हे धर्माचे हिणकस कारण वाटते.

बरे, पोटासाठी आलेला माणूस पुढे काय करील? जिथे अधिक मिळेल तिथे जाईल. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित आजही उंबऱ्याबाहेर आहे. दाखल्यावर एक शब्द बदलला की शिष्यवृत्ती, राखीव जागा, नोकरी. काहींनी दाखला एक आणि रविवार एक अशी मधली वाट काढली. त्यांना हसायचा अधिकार निदान ज्यांना असली निवड कधी करावीच लागली नाही त्यांना नाही. पण कितीतरी घरांनी तो शब्द बदलला नाही. पिढ्यामागून पिढ्या हे नुकसान डोळ्यांदेखत सोसून जो माणूस रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून उपासनेला जातो, त्याच्याकडे बोट दाखवून अजून म्हणायचे, पोटासाठी? आकडेमोडीत तरी प्रामाणिक राहा. त्या भाकरीची किंमत त्याने केव्हाच, व्याजासकट, चुकती केली आहे. तरीही तो आभार मानतो. म्हणजे त्याचे आभार भाकरीच्या हिशेबातले नाहीत, हे कळायला किती अक्कल लागते?

मिशनचे आभार आम्ही मानतोच, आणि मानूच. शाळा काढली, दवाखाना काढला, ज्याला कोणी शिवत नव्हते त्याची जखम धुतली, हे विसरणारा कृतघ्न. पण उपकारकर्त्याचे आभार मानणे आणि त्याच्या ताटाखालचे मांजर होणे या दोन गोष्टींत फरक असतो, आणि तो फरक करून दाखवणारी सर्वांत तेजस्वी व्यक्ती आपल्या पुणे जिल्ह्यातच होऊन गेली. तिचे नाव पंडिता रमाबाई. पुरोगामी मित्र तिचा फोटो लावतात, आमचे पाळक तिच्यावर प्रवचने करतात, आणि दोघेही तिचा नको तो भाग सोडून देतात.

रमाबाईंना उपकारांची काय कमी होती? १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. भावाबरोबर उपाशीतापाशी देश तुडवला. भाऊ गेला, नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. अशा अवस्थेत १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठाने आसरा दिला, तिथेच त्यांचा व लेकीचा बाप्तिस्मा झाला. परका देश, परकी भाषा, डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याचे. कृतज्ञ माणूस गप्प बसतो हा सिद्धान्त खरा असता तर रमाबाईंनी मान खाली घालून जन्म काढायचा. केले काय? आपल्या धर्मगुरुमाऊलीशी, सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, त्या वर्षानुवर्षे पत्रांतून भांडल्या. सिद्धान्तांवर भांडल्या, चर्चच्या अधिकारावर भांडल्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी हरकत काढली, तेव्हा तिच्यावरही भांडल्या. मी ख्रिस्ताला मानले आहे, माझी बुद्धी तुमच्या स्वाधीन केलेली नाही, असा त्या साऱ्या भांडणाचा रोख. समोरच्यांना त्यात गर्व दिसला. आश्रय देणाऱ्याला आश्रिताचा स्वाभिमान नेहमी गर्वच दिसतो. तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली पुस्तकरूपाने काढला आहे. मिशनच्या भाकरीने मराठी ख्रिस्ती माणसाचे तोंड बंद झाले म्हणणाऱ्याने तो एकदा चाळावा. आणि हेही पाहावे, की त्याच रमाबाईंचे जेराल्डिन यांच्याशी असलेले मायेचे नाते तुटले नाही. आभारही खरे, भांडणही खरे.

पुढे १८९६-९७चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याकडेला मरायला टाकलेल्या मुली गोळा करून आणल्या. स्वतः ज्या दुष्काळातून जिवंत सुटल्या त्याचे आभार त्यांनी असे मानले. सोन्याची घंटा वाहिली नाही, साक्षीची सभा घेतली नाही. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्या पोरींना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर नेले, आणि तिथे ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था उभी राहिली. ख्रिस्ती कृतज्ञतेचे वळण हे असे आहे. देणे देवाचे असते आणि देवाला तर कशाची गरज नसते, म्हणून ते चुकते करायचे ते वाटेत जो पडलेला दिसेल त्याच्यापाशी. मधल्या उपकारकर्त्याच्या पायाशी ते साचून राहत नाही.

आणि त्याच १८९७ साली आणखी एक. पुण्यात प्लेग, रँडसाहेबाची तपासणी, सोजीर घराघरांत. इंग्रज ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती, परदेशातल्या पैशावर त्यांची संस्था चाललेली. गप्प बसायला याहून चांगले निमित्त कोणते? रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले आणि प्लेगच्या छावणीत, इस्पितळात बायकांची काय दुर्दशा होते ते जगापुढे मांडले. त्यात त्यांच्याच संस्थेतल्या एका मुलीची कहाणी होती. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते, त्यांनी त्या पत्राचा आधार घेतला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे म्हणणे खोटे ठरवण्याची खटपट केली. बाई मागे हटल्या नाहीत. आता आमच्या पाळकांनी सांगावे, ही कुरकुर होती काय? आणि पुरोगाम्यांनी सांगावे, ही लाचारी होती काय?

नारायण वामन टिळकांचेही तेच. ज्या अमेरिकन मराठी मिशनचे वर्षानुवर्षे काम केले, त्याचा १९१७ साली त्यांनी राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? ‘स्मृतिचित्रे’ हे माझ्या मते मराठीतले सर्वांत कृतज्ञ आत्मचरित्र आहे, आणि त्यात नवऱ्याबद्दलच्या तक्रारी किती आहेत त्या मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. टिळक घरातले दाणे उचलून दुसऱ्याला देतात, आणि बाई ते सगळे लिहून काढतात, खमंग फोडणी देऊन. तक्रार गाळून ते पुस्तक छापले असते तर आज कोणी वाचले असते का?

आता मोर्चा आमच्या व्यासपीठाकडे. पहिल्या गटाला निदान शास्त्र ठाऊक नाही असे म्हणता येईल. यांना काय म्हणावे?

कुरकुरीविरुद्ध यांचे आवडते उदाहरण इस्राएल लोकांचे. रानात कुरकुरले आणि देवाचा कोप झाला, सावध राहा! सावध राहतो, पण ते कशासाठी कुरकुरले ते आधी वाचू या की. त्यांना मिसर आठवत होता. तिथले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण. गुलामीत निदान जेवण वेळेवर मिळत होते, परत जाऊ या, अशी ती कुरकुर. म्हणजे देव रागावला तो बेडीत समाधान मानणाऱ्यांवर. त्याआधी तेच लोक विटा थापता-थापता ओरडले, तेव्हा देवाने ते ओरडणे ऐकले आणि खाली उतरला. जुलमाविरुद्धच्या आक्रोशाला उत्तर आणि जुलमाच्या आठवणीने जिभेला सुटलेल्या पाण्याला शिक्षा, अशी ही गोष्ट. तिच्यावरून मजुराला सांगायचे की ठेकेदाराने पैसे बुडवले तरी चूप राहा?

ईयोबाचे पुस्तक तर यांनी उघडूच नये. तीन मित्र त्याला बरेच अध्याय हेच सांगत असतात, की बाबा, वाद घालू नकोस, नम्र हो, देव न्यायी आहे. शेवटी देव बोलतो तेव्हा राग कोणावर? त्या सभ्य, भाविक, समजूतदार मित्रांवर. भांडणारा ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला असे देव म्हणतो, आणि मित्रांसाठी प्रार्थना करायलाही त्यालाच लावतो.

आणि पौल. यांना पौल फार लाडका, कारण सदा आनंदी राहा, आभार माना, हे त्याने जागोजागी लिहिले आहे. तर फिलिप्पै गावची हकीकत काढा. पौल आणि सीला यांना चौकशी न करता जाहीर फटके मारले, खोड्यात पाय अडकवून आतल्या कोठडीत टाकले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, स्तोत्रे गात होते, बाकीचे कैदी ऐकत होते. इथपर्यंतची हकीकत आमच्या प्रवचनांत दरवर्षी येते. भूकंप होतो, दारे उघडतात, बंदिशाळेचा नायक कुटुंबासह विश्वास ठेवतो, आमेन. पण सकाळ झाली त्याचे काय? सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडून द्या त्यांना. रात्रभर आभार मानून दमलेला हा माणूस आनंदाने निघून गेला असेल, असे तुम्हाला वाटेल. तो हललाच नाही! आम्ही रोमन नागरिक, आम्हाला न्यायनिवाड्यावाचून चारचौघांत मारले, आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या. रात्रीची स्तोत्रे आणि सकाळचे धरणे, माणूस तोच, पाठीवरचे वळ तेच. मग दरवर्षी अर्धीच गोष्ट का सांगता? सकाळची गोष्ट सांगितली तर मंडळीच्या जागेचा हिशेबही कोणी तसाच उंबऱ्यावर बसून मागेल, ही भीती आहे का?

यांना पुरून उरेल असे उदाहरण खुद्द प्रभूचे. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि आभार मानले. आमच्या उपासनेचा गाभा हाच. दुसऱ्या दिवशी दुपारी वधस्तंभावर त्याच तोंडातून देवाला जाब विचारणारी आरोळी निघाली. मधे एक दिवसही पुरा गेला नव्हता. मार खाणाऱ्या बाईला मारासाठी आभार मानायला सांगणाऱ्या गृहस्थांनी मला दाखवून द्यावे, की येशूने भाकरीसाठी मानले तसे आभार खिळ्यांसाठी कुठे मानले. तिने भाकरीचे आभार मानावेत, लेकरांचे मानावेत, आणि पोलिस चौकीत जाऊन तक्रारही लिहावी. त्या रात्री तिच्याबरोबर चौकीत जायला पाळकबाई निघाल्या, तर उपकारस्तुतीची उपासना तिथेच झाली असे मी समजेन.

मधल्यामधे एक तिसरी जमात आली आहे, तिचा समाचार थोडक्यात घेतो. ही कृतज्ञतेची वही ठेवणारी मंडळी. झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी लिहा, झोप गाढ लागते, रक्तदाब उतरतो. लागत असेल, उतरत असेल, माझी ना नाही. पण ही वही आता आमच्या तरुणांच्या सभांतही फिरते, आणि तिच्यात काय लिहिलेले असते? चांगली नोकरी, चांगले घर, रस्त्यावरची ती मुले पाहिली आणि वाटले, बरे झाले बाई, आपण त्यांच्यासारखे नाही. नेमक्या अशाच आभारांची एक प्रार्थना येशूने सांगितलेली आहे. मंदिरात उभा राहून एक परूशी देवाचे आभार मानतो, की मी इतरांसारखा नाही, आणि या जकातदारासारखा तर नाहीच. शुभवर्तमानात नापास झालेली आभाराची प्रार्थना ती हीच. आमच्या साक्षीच्या सभांत नव्या गाडीबद्दल हात वर करून गहिवरणाऱ्यांनीही ती अधूनमधून वाचावी.

मग ख्रिस्ती कृतज्ञता नांदते कुठे? कापणीच्या सणात बघा. मराठी मंडळ्यांत सुगी झाली की एक रविवार ठरतो. वेदीपुढे भाताच्या ओंब्या, ज्वारीची कणसे, भोपळे, केळीचे घड, पिशवीत पाय बांधलेली कोंबडी. वसईकडचे कॅथलिक हाच सण आगेरा म्हणून करतात. मावळात भाताचा वास सुटतो त्या दिवसांत आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडेही नव्याची पूजा असते, त्यामुळे हे काही परदेशातून बोटीने आलेले खूळ नव्हे. उपासना झाली की लिलाव. या लिलावाला शहरी पाहुणे नाक मुरडतात. देवाच्या दारात बाजार! त्यांना दिसत नाही ते असे, की म्हातारीने पदराआडून आणलेले एक अंडे तिथे कोंबडीच्या भावाने जाते. बोली वाढत राहते, लोक हसतात, म्हातारी लाजते, आणि शेवटी ज्याला अंड्याची काडीची गरज नाही असा एखादा मास्तर ते घेतो आणि परत तिच्याच ओटीत टाकतो. बाजाराचा भाव इतका उघड उघड हरताना मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या सणाचे मूळ बायबलमधल्या अनुवादाच्या पुस्तकात आहे, आणि ते दोन्ही गटांनी वाचावे. पहिल्या पिकाची टोपली घेऊन शेतकऱ्याने याजकापुढे जायचे. तिथे त्याने काय म्हणायचे, हे ठरवून दिले आहे. पाऊस चांगला झाला, धन्यवाद, एवढे म्हणून भागत नाही. माझा पूर्वज भटका होता, मिसरात परदेशी म्हणून राहिला, मिसऱ्यांनी आम्हाला छळले, आमच्याकडून वेठबिगार करून घेतली, आम्ही ओरडलो, देवाने ऐकले, या अंगाने त्याने आपली सगळी कर्मकहाणी सांगायची. आभाराच्या प्रार्थनेत जुलूम करणाऱ्याचे नाव! आरोपपत्र वाचल्याशिवाय आभार पुरेच होत नाहीत. आणि टोपली ठेवल्यावर घरी जाऊन एकट्याने पुरणपोळी खायची नाही. ज्याला जमिनीत वाटा नाही तो लेवीय, आणि गावात राहणारा उपरा, यांना पंगतीला घ्यायचे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश तर लेवीय, उपरा, अनाथ आणि विधवा यांच्याच हवाली करायचा. दिला की नाही हे देवापुढे उभे राहून सांगायचे. पुरोगामी मित्रांनो, याला अफू म्हणता? आणि पाळकसाहेब, ही प्रार्थना तुमच्या मंडळीत शेवटची पुरी कधी म्हटली?

आता पुन्हा वेल्ह्याला येऊ. इथल्या मूठभर ख्रिस्ती माणसांना कृतज्ञतेचे धडे द्यायला कोणी येऊ नये. कमी मिळाले असताना आभार मानणे त्यांना येते, इंद्रायणी तांदळाची दोन पायली पहिल्या दिवशी देवापुढे ठेवणे त्यांना येते. तेच त्यांच्या हिंदू शेजाऱ्यालाही येते. धडा हवा आहे तो धरणाच्या खालच्या अंगाला. कॅम्पात, गुरुवार पेठेत, पिंपरी-चिंचवडला, बारामती-फलटणच्या उसाच्या पट्ट्यात ज्या मंडळ्या बसतात त्यांना. पानशेत म्हटले की पुणेकराला १२ जुलै १९६१ आठवतो, धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले तो दिवस. धरण भरले तेव्हा कोणाच्या घरात पाणी शिरले, ते कोणाच्या लक्षात आहे? रोज सकाळी नळ सोडून दात घासताना आपण ज्याचे पाणी पितो त्याचे नाव ठाऊक नसणे, याला शास्त्राच्या भाषेत कृतघ्नपणा म्हणतात, मग रविवारी कितीही टाळ्या वाजवून स्तुतिगीते गा.

तेव्हा पुढच्या कापणीच्या सणाला पुण्यातल्या मंडळ्यांनी एवढे करावे. भोपळे आणि ऊस मांडाल त्यांच्या मधोमध पाण्याची एक घागर ठेवा. प्रार्थनेत आंबी, मोसे, कानंदी, वेळवंडी, नीरा या नद्यांची नावे घ्या, आणि त्यांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची यादी मिळवून तीही मोठ्याने वाचा, घड्याळ न पाहता. लिलावाचे पैसे चर्चच्या नव्या फरशीला न घालता धरणाच्या वरच्या एखाद्या वाडीच्या पाण्याच्या टाकीला द्या, ती वाडी कोणत्या देवाची ते न विचारता. आणि सोमवारी धरणग्रस्तांचे अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत जा. पाळकांनी झगा घालूनच जावे. बाकावर बसून राहावे, फिलिप्पैच्या त्या सकाळसारखे, साहेब स्वतः बाहेर येईपर्यंत. शिपायाने विचारलेच, की फादर, तुमचे इथे काय काम, तर सांगावे, काल उपासना अर्धी राहिली होती, आभार मानायला आलोय.